जुनी कोरीव नगरचित्रं कशी वाचायची: पहिल्यांदाच भिंग हाती घेणाऱ्यांसाठी

सहा वर्षांपूर्वी जुन्या गोव्यात भर उन्हात हातात एक झेरॉक्स धरून मी बॉम जेझूची बॅसिलिका शोधत होतो. बॅसिलिका समोर उभी होती. सापडत नव्हती ती झेरॉक्समध्ये. कागदावर १५९६ साली आम्स्टरडॅममध्ये छापलेलं गोवा शहराचं कोरीव चित्र होतं: गल्ल्या, घरं, चर्चं, नदीत गलबतं. तासभर डोकं खाजवल्यावर शेजारच्या माहितीफलकावर नजर गेली. बॅसिलिकेचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं. आणि ज्याच्या रेखाटनांवरून ते चित्र कोरलं गेलं, त्या माणसाने १५८८च्या अखेरीस गोवा सोडलं होतं. मी चित्रात भविष्य शोधत होतो.

ही चूक तुम्ही करू नये, म्हणून हा लेख. कॅमेरा यायच्या आधीची तीनेकशे वर्षं शहर कसं दिसायचं, माणसं रस्त्यावर काय करायची, बाजार कुठे भरायचा, शिक्षा कुठे व्हायची, हे सांगणारा मोठा ऐवज म्हणजे ही नगरचित्रं. पण ती बखरीसारखी वाचावी लागतात. बखर लिहिणाऱ्याचा धनी कोण, त्याने स्वतः किती पाहिलं आणि किती ऐकलं, हे विचारल्याशिवाय आपण बखरीवर विश्वास टाकत नाही ना, तसंच इथे. उदाहरण मी बहुतेक ठिकाणी गोव्याचंच घेतलंय, कारण चित्र घेऊन प्रत्यक्ष चालत जाता येईल असं ते आपल्या जवळचं शहर आहे.

आधी सामान जमवा

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफ हिरा बघताना डोळ्याला लावतात तेच.
- छोटी टॉर्च. कागदावर सरळ वरून प्रकाश पाडायचा नाही, बाजूने तिरपा पाडायचा.
- पट्टी, पेन्सिल, वही. ग्रंथालयात जुन्या कागदाजवळ पेन चालत नाही.
- चित्राची ए-थ्री आकारातली प्रत, शक्यतो दोन. एकीवर खुणा करायच्या, दुसरी कोरी ठेवायची.
- त्या शहराचा आजचा नकाशा किंवा उपग्रहचित्र.
- मूळ प्रत बघायला संग्रहालयात किंवा अभिलेखागारात जाणार असाल तर ओळखपत्र, दोन फोटो, शक्य असल्यास एखाद्या महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र, आणि नेमकं कोणतं चित्र हवं ते लिहिलेला अर्ज. नुसतं "जुनी चित्रं बघायची आहेत" म्हटलंत तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला उद्या यायला सांगेल.

१. एकच चित्र निवडा

नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात चारशे चित्रं उतरवून घेतो आणि एकही नीट बघत नाही. मीही तेच केलं होतं. एक शहर, एक चित्र, एक महिना. शहर असं निवडा जिथे तुम्ही राहिलाय किंवा चालत फिरू शकता.

गोव्यासाठी दोन चित्रं हाताशी असू द्या. पहिलं, गेऑर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांच्या 'सिव्हितातेस ऑर्बिस तेरारुम' या नगरचित्रांच्या ग्रंथातलं. १५७२ ते १६१७ या काळात त्याचे सहा खंड निघाले आणि त्यांत जगभरच्या शहरांची पाचशेहून अधिक चित्रं आहेत. पहिल्याच खंडात एका पानावर गोवा आणि दीव शेजारी शेजारी बसलेत. दुसरं, यान हाउगेन फान लिन्सखोटेन या डच माणसाच्या 'इतिनेरारियो' या प्रवासग्रंथातलं. हा १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपचा लेखनिक म्हणून इथे आला आणि पाच वर्षं राहिला. त्याच्या ग्रंथात शहराचा मोठा घडीचा नकाशाही आहे आणि बाजाराचं स्वतंत्र चित्रही. दोन्ही ग्रंथांच्या पानांची उच्च प्रतीची छायाचित्रं युरोपातल्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी फुकट खुली केली आहेत. फॉरवर्ड होत आलेली धूसर प्रत वापरू नका. खिडक्या मोजता येतील इतकी मोठी फाइल उतरवा.

२. हातात काय आहे ते ओळखा

पडद्यावरच काम करणार असाल तर ही पायरी वरवर वाचली तरी चालेल. विकत घेणार असाल तर दोनदा वाचा.

लाकडी ठशात रेषा उठावदार असते. ठोकळ्यावरचा नको तो भाग खरवडून काढलेला असतो, त्यामुळे रेषा जाड आणि थोड्या ओबडधोबड येतात. तांब्यावरच्या एनग्रेव्हिंगमध्ये उलटं. ब्युरिन नावाच्या पोलादी हत्याराने पत्र्यावर चर खोदतात, चरांत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि ओलसर कागद त्यावर यंत्रात दाबतात. त्या दाबाने पत्र्याची चौकट कागदावर कायमची उमटते. तिरप्या प्रकाशात ती कड दिसते आणि बोटालाही लागते. भिंगाखाली एनग्रेव्हिंगची रेषा मध्ये फुगलेली आणि टोकाला निमुळती दिसते. एचिंगमध्ये चर आम्ल खोदतं, तिथे रेषेचं टोक बोथट असतं. शिळाछापात म्हणजे लिथोग्राफमध्ये पत्र्याची कड नसते, आणि ते तंत्रच अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी आलं. म्हणून "सोळाव्या शतकातला लिथोग्राफ" असं कोणी म्हणालं की हसून पुढे जा.

तांबं कोरणं आपल्याला नवं नव्हतं. ताम्रपट शेकडो वर्षं कोरले जात होते. पण छापण्यासाठी कोरायचं तर अक्षर उलटं कोरावं लागतं. नाना फडणिसांच्या काळात पुण्यातल्या एका तांबटाला ही विद्या शिकवली गेली आणि १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. हे थोडं विषयांतर झालं, पण उलटेपणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सापळा: पिवळट कागदावरची रंगीत "अस्सल जुनी" चित्रं. मी एका दुकानातून मुंबई बंदराचं असं एक चित्र साडेचार हजारांना घेतलं. घरी भिंग लावलं तर गलबताच्या शिडात लाल, निळे, पिवळे ठिपके गुलाबपाकळ्यांसारखे मांडलेले. म्हणजे ऑफसेट छपाई, फार तर माझ्याच वयाची. जुन्या चित्रात रंग असला तर तो हाताने भरलेला, सलग आणि रेषेबाहेर थोडा सांडलेला असतो. विकत घेण्याआधी भिंग लावू द्या म्हणावं. दुकानदार नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

आणि एक. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. परदेशी राहणाऱ्या भाच्याला भेट म्हणून बॅगेत घालून पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

३. तळाची बारीक अक्षरं वाचा

चित्राच्या खालच्या कडेला लॅटिनची तुटक अक्षरं असतात. ही श्रेयनामावली समजा.

- 'डेल.' (डेलिनिआव्हित): रेखाटन करणारा.
- 'पिंक्स.' (पिंक्सित): मूळ रंगचित्र काढणारा.
- 'स्कल्प.' (स्कल्प्सित): पत्रा कोरणारा.
- 'एक्सकुड.' (एक्सकुदित): छापणारा, प्रकाशक. पैसा याचा.

ही तीनचार माणसं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात, कधी वेगवेगळ्या देशांतली. लिन्सखोटेनच्या गोव्याच्या नकाशावर कोरणारा म्हणून बाप्टिस्टा फान ड्यूटेकुम याचं नाव आहे. हे कोरणाऱ्यांचं घराणं नेदरलँड्समधलं. लिन्सखोटेनच्या रेखाटनांवरून पत्रे कोरताना त्यांनी नाकडोळे आणि शरीरं आपल्या सवयीने घडवली. म्हणून त्या चित्रांतले गोव्याचे लोक रोमन पुतळ्यांसारखे पिळदार दिसतात. कपडे, छत्र्या, पालखी यांवर भरवसा ठेवा. दंडाच्या स्नायूंवर ठेवू नका.

४. तीन तारखा वेगळ्या लिहा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. वहीत तीन रकाने पाडा: शहर *पाहिलं* कधी, पत्रा *कोरला* कधी, कागद *छापला* कधी.

गोव्याच्या नकाशासाठी माझ्या वहीत असं आहे: पाहिलं १५८३ ते १५८८, कोरला १५९५, छापला १५९६. आता जुन्या गोव्यातली आज सगळ्यात जास्त फोटो निघणारी ठिकाणं घ्या. बॉम जेझू, काम सुरू १५९४. सेंट ऑगस्टिनचा मनोरा, चर्चचं काम सुरू १५९७. व्हाइसरॉयची कमान, आजच्या रूपात १५९०च्या दशकाच्या अखेरची. तिन्ही पहिल्या रकान्याच्या बाहेर. से कॅथेड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये संपलं, म्हणजे लिन्सखोटेनने पाहिलं ते अर्धवट. उलट टेकडीवरचं रोझरी चर्च तेव्हा उभं होतं, आणि आज तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

तारीख ठरवायला पडझडही मदत करते. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. एखाद्या चित्रात दोन मनोरे दिसले तर चित्रकाराने ते त्याआधी पाहिलं असावं, किंवा आधीच्या चित्रावरून उतरवलं असावं.

ही दुसरी शक्यता फार महत्त्वाची. तांब्याचा पत्रा महाग. तो विकला जायचा, वारसाहक्काने जायचा, घासून दुरुस्त व्हायचा. व्हेनिसचं प्रसिद्ध उदाहरण बघा. याकोपो दे बार्बारीने १५०० साली सहा लाकडी ठोकळ्यांवर अख्खं शहर पक्ष्याच्या नजरेने दाखवलं. त्यात सान मार्कोच्या घंटाघराचं छत सपाट आहे, कारण १४८९ मध्ये वीज पडून शिखर जळालं होतं. शिखर पुन्हा बांधल्यावर ठोकळ्यातही दुरुस्ती झाली आणि पुढच्या छापांत टोकदार शिखर आलं. चित्र तेच, शहर वेगळं. मात्र असे प्रामाणिक प्रकाशक कमी. गोव्याचा लिन्सखोटेनी नकाशा इतर प्रकाशक पुढे कित्येक दशकं उतरवत राहिले, आणि त्या काळात खरं गोवा साथींनी रिकामं होत चाललं होतं. १७५९ मध्ये तर व्हाइसरॉयनेही मुक्काम पणजीला हलवला. कागदावर मात्र बाजार गजबजलेलाच.

५. काढणारा तिथे गेला होता का?

सरळ प्रश्न, पण उत्तर बऱ्याचदा "नाही". १७५४ मध्ये लंडनला यान फान राइनने मुंबई किल्ल्याचं देखणं चित्र काढून कोरलं. ते आधीच्या चित्रावर बेतलेलं होतं. ते आधीचं चित्र जॉर्ज लँबर्ट आणि सॅम्युअल स्कॉट यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत टांगण्यासाठी रंगवलेलं. तिघांपैकी एकानेही मुंबई पाहिली नव्हती. त्यातली गलबतं उत्तम आहेत, कारण गलबतं लंडनलाही दिसायची. याउलट जेम्स वेल्स मुंबईत राहिला, साष्टीत हिंडला आणि १७९५ मध्ये ठाण्यात वारला. त्याच्या मुंबईच्या बारा दृश्यांचा संच त्याच्या मृत्यूनंतर निघाला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीत तर ऐकीव आणि पाहिलेलं यातला फरक शिकवावा लागत नाही.

सगळ्यात निर्लज्ज नमुना १४९३च्या न्यूरेंबर्गच्या इतिवृत्ताचा, म्हणजे जर्मनीत छापलेल्या जगाच्या सचित्र इतिहासाचा. सुमारे अठराशे चित्रं, पण ठोकळे साडेसहाशेच्या आत. त्यामुळे एकच ठोकळा फेरारा म्हणून येतो, मांतुआ म्हणून येतो आणि दमास्कस म्हणूनही येतो. म्हणून नियम असा: ओळखू येणारी आणि दुसऱ्या पुराव्याने पटणारी निदान तीन ठिकाणं सापडेपर्यंत चित्र त्या शहराचं आहे असं मानू नका.

६. दिशा लावा, नावं जुळवा

उत्तर वरच असते ही आपली शाळेतली सवय. जुन्या चित्रात ती कुठेही असते. आधी न हलणारी गोष्ट शोधा: नदी, डोंगर, किनारा. जुनं गोवा मांडवीच्या दक्षिण काठावर आहे. म्हणून मांडवी चित्राच्या तळाशी दिसली तर उत्तर खाली आहे, आणि तुमची डावी बाजू पूर्व.

मग उलटेपणा तपासा. छापील चित्र समोर ठेवून नव्या पत्र्यावर तसंच कोरलं की छाप आरशातला येतो. नकला करणारे घाईत असत, ते हे तसंच सोडून देत. चित्रातली माणसं डाव्या हाताने तलवार उपसताना दिसली की शंका घ्या.

नावांसाठी थोडी पोर्तुगीज शिदोरी बरोबर ठेवा: 'रुआ' म्हणजे रस्ता, 'इग्रेजा' म्हणजे चर्च, 'अल्फांदेगा' म्हणजे जकातघर, 'काइश' म्हणजे धक्का, 'मिझेरिकोर्दिया' म्हणजे दानधर्म करणारी संस्था, 'पेलोरीन्यु' म्हणजे गुन्हेगाराला चारचौघांत शिक्षा देण्याचा खांब. जुन्या गोव्यात लोक एका काळ्या दगडी खांबाला अजून 'हातकातरो खांब' म्हणतात. नावातच काम सांगितलंय.

छापलेलं नावही चुकू शकतं. व्हेन्सेस्लाउस होलारच्या १६४७च्या लंडनच्या लांबलचक दृश्यात ग्लोब नाट्यगृह आणि अस्वलांच्या झुंजींचा आखाडा यांच्या नावांची अदलाबदल झालीय. नावांवर विसंबून कित्येकांनी शेक्सपियरचं नाट्यगृह समजून अस्वलांचा आखाडा न्याहाळला.

७. आता माणसं बघा

इथवर आलात तर खरी मजा आता. ब्राउन-होगेनबर्गच्या चित्रांत पुढच्या बाजूला त्या त्या शहराच्या पोशाखातली माणसं उभी असतात. ब्राउनने त्याचं गमतीदार कारण दिलंय: तुर्कांच्या धर्माला मनुष्याकृती चालत नाहीत, म्हणून माणसं काढली की शत्रू हे नकाशे लढाईसाठी वापरणार नाही! हे कारण त्याला स्वतःला किती पटलं असेल कोण जाणे. आपल्याला मात्र पोशाख मिळाले.

लिन्सखोटेनचं बाजाराचं चित्र याहून कितीतरी श्रीमंत. रुआ दिरेता, म्हणजे सरळ रस्ता. तिथे रविवार आणि सणांचे दिवस सोडून रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, साधारण सात ते नऊ विक्री चालायची. हिला पोर्तुगीजमध्ये 'लेइलाँव' म्हणत. मोठ्याने म्हणून बघा. आपला 'लिलाव' तिथूनच आलाय.

चित्र चौकोनांत वाटून घ्या आणि एकेका चौकोनात कोण काय करतंय ते लिहा. डोक्यावर दुसऱ्याने धरलेली छत्री कोणाच्या? घोडा कोण दाखवतंय, कोण बघतंय? बायका किती, आणि कोणत्या कामात? मग लिन्सखोटेनचा मजकूर उघडा. १५९८ मध्येच त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि १८८५ची टिपांसहित आवृत्ती आज फुकट वाचता येते. तो सांगतो की अंगावर सोन्याच्या साखळ्या आणि दागिने लटकावून दवंडी देणारे तिथे फिरत. अरबी घोडे, मसाले, गालिचे विकले जात. माणसं विकली जात, बायका आणि मुलंसुद्धा, जनावरांसारखी. मेलेल्या माणसाचं सामानही तिथेच विकायला येई, अगदी व्हाइसरॉयचं असलं तरी, म्हणजे विधवांना आणि पोरक्या मुलांना त्यांचं मिळावं. नाक्यानाक्यावर पैसे मोडून देणारे 'शराफ' बसलेले असत. हे आपले सराफच. एका रस्त्यावर वारसाहक्क, गुलामी, नाणेबाजार आणि दिमाख, सगळं दोन तासांत.

सापळा: घरं मोजू नका. मी नकाशातली घरं मोजून लोकसंख्या काढायला बसलो होतो, तीन रविवार गेले. कोरणारा रिकामी जागा छपरांच्या ठरावीक नक्षीने भरून काढतो. चर्च, धक्का, तटबंदी, चौक यांना जागा नेमून दिलेली असते. मधली घरं म्हणजे भरताड. शिवाय काय गाळलंय तेही लिहा. झोपड्या, शहराबाहेरची गावं, पाडलेली देवळं या चित्रांत सहसा येत नाहीत. पैसे देणाऱ्याला ती नको होती.

८. पायांनी पडताळा

शेवटी प्रत घेऊन जागेवर जा. जुन्या गोव्यात सकाळी सातला पोचा, म्हणजे लेइलाँवची वेळही साधेल आणि पर्यटकांच्या बसही नसतील. धक्क्यापासून व्हाइसरॉयच्या कमानीखालून वर चालायला लागा. हाच रुआ दिरेताचा माग. डावीकडे सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दाराची काळी चौकट उभी आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय आधी त्याच वाड्यात राहत. चढ, वळण, उतार कागदाशी जुळतात का बघा. घरं नाहीतच, पण जमिनीचा उतार सहसा खोटं बोलत नाही.

मग परत धक्क्यावर या आणि दिवाडी बेटाकडे जाणारी फेरीबोट पकडा. पाण्याच्या मध्यावर आलात की मागे वळा. नदीकडून शहर दाखवणाऱ्यांनी प्रेक्षकाला साधारण इथेच उभं केलंय. माझ्या प्रतीवर या जागी पेन्सिलीने लिहिलेलं आहे: "७.४०. माड, सेचा एकच मनोरा, कॅजेटनचा घुमट. गलबतांच्या जागी एक वाळूचा पडाव."